मिठाच्या पाण्याचा खड्डा

मी एक जुना तांब्याचा पत्रा आहे. मित्रांनो, जवळ येणार असाल तर हातातली कुदळ आधी खाली ठेवा. माणसांवर माझा फारसा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे.

मुंबईच्या एका कारखान्यात मला लाटलं, कापलं आणि रेल्वेने वाशीमला पाठवलं. गावात तेव्हा नुकतीच वीज कंपनी आली होती. आपल्याला दिव्यांच्या उजेडात मिरवायला मिळणार, असं मला वाटलं. पण त्या लोकांनी पॉवरहाउसच्या मागे पुरुषभर खोल खड्डा खणला, कोळसा आणि मीठ पसरलं आणि मला त्यात चक्क गाडून टाकलं. इंजिनाच्या आणि विजेच्या बटणांच्या बोर्डाच्या लोखंडापासून एक जाड तार माझ्यापर्यंत आणली. वीज चुकून लोखंडात उतरली, तर ती माणसाच्या अंगातून न जाता माझ्यातून मातीत जावी, एवढंच माझं काम. त्यासाठी माती ओली लागते. म्हणून इंजिन ड्रायव्हर गुलाबसिंग रोज सकाळी एका नळकांड्यातून दोन बादल्या मिठाचं पाणी माझ्यावर ओतायचा.

समोर सोजरबाई राहायची. एका म्हशीच्या दुधावर तिचं घर चालायचं. तिने एकदा विचारलंच.

"काय पुरलं इथं? रोज पाणी कायले टाकून राह्यला?"

"सायबाचा हुकूम हाय," एवढं बोलून गुलाबसिंग बादली घेऊन निघून गेला.

त्याचं इथेच चुकलं, असं मी आजही म्हणतो. दोन शब्द जास्त बोलला असता तर त्याचं काय जाणार होतं?

त्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या, तरी गुलाबसिंगचं पाणी थांबलं नाही. त्याच आठवड्यात सोजरबाईची म्हैस मेली. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या इंद्रभानला आणि आणखी चौघांना घेऊन आली. त्यांनी तार तोडून मला उकरून काढलं.

"कोळसा, मीठ, तांबं. म्या म्हटलं नव्हतं? करणीच हाय," ती म्हणाली.

गुलाबसिंग धावत आला. "बाई, हा पत्रा नसन तर इंजिन चालू करता येत नाही. लोखंडाले हात लावन तो मरन."

"आता भेव दाखवून राह्यला," इंद्रभान म्हणाला.

कंपनीच्या साहेबाने गर्दी पाहून अंग काढून घेतलं. पत्र्याचं उद्या पाहू, दिवे लागलेच पाहिजेत, असं तो म्हणाला. दिवेलागणीला इंजिन सुरू झालं. गुलाबसिंग मला परत पुरेल या संशयाने मंडळी तिथेच बसून होती. बसून कंटाळलेली सोजरबाई आत डोकावली आणि बोर्डाच्या लोखंडी चौकटीला टेकायला गेली. गुलाबसिंगने तिला बाजूला ढकललं, आणि त्याचाच उजवा हात चौकटीला लागला. चौकटीत वीज उतरली होती, आणि तिला मातीत न्यायला मी जागेवर नव्हतो. तो लांब फेकला गेला. मी भिंतीला टेकून नुसता पाहत होतो. मला त्याची अजून लाज वाटते.

गुलाबसिंग वाचला, पण त्या हाताने त्याला पुन्हा बादली उचलता आली नाही. मला पुन्हा पुरलं. नवा ड्रायव्हर पाणी घालायला विसरू लागला. माती सुकत चालली.

एकदा सलग तीन दिवस पाणी आलं नाही, आणि चौथ्या दिवशी वर जोडवी वाजली. सोजरबाईच. आता ही पुन्हा उकरणार, म्हणून मी धास्तावलो. पण पाणी आलं. नुसतं पाणी. हिच्या मनात काय आहे, ते मला कळेना. दुसऱ्या दिवशी मात्र पाणी खारट होतं, अगदी गुलाबसिंगच्या हातचं असावं तसं.

"बादलीले दोन मुठी, म्हणे," ती वर पुटपुटली.

म्हणजे ती त्याच्या घरी जाऊन विचारून आली होती.

मित्रांनो, शंका आली तर कुदळीच्या आधी विचारा. आणि तुम्हाला कोणी विचारलं, तर गुलाबसिंगसारखं तोडून बोलू नका, नीट सांगा. सोजरबाई आता थकली आहे. बरेच दिवस पाणी आलेलं नाही. आत्ता वर कोणाची तरी पावलं वाजत आहेत. हातात बादली आहे की कुदळ, ते मला इथून दिसत नाही.