मागचा बाक

मंगळूनं पेली नाकाशी नेली आणि तशीच, भरलेली, परत ट्रेमध्ये ठेवली.

ट्रे चिमाजी साळवेंच्या हातात होता; चर्चच्या ह्या पंचांना सगळे ‘वडील’ म्हणत. दारू पिऊन प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीची भाकर-पेली घ्यायला, आला म्हणून दोन वर्षांपूर्वी ह्याच चिमाजींनी मंगळूला दंडाला धरून उठवलं होतं आणि मागच्या बाकावर बसवलं होतं. तेव्हापासून भाकर नाही, पेली नाही. मंडळीनं त्याच्यासाठी प्रार्थना केली. माइकवरून, नाव घेऊन. घरी मात्र कोणी गेलं नाही. दारू त्यानं एकट्यानं सोडली. आज ईस्टरला कमिटीनं त्याला पुढे बोलावलं, तर हा पेली नाकारतो!

“घे,” चिमाजी दातांतल्या दातांत म्हणाले. “तमाशा करू नको.”

“नाय घेता येत, वडील.”

“अजून उतरलेली नाय वाटतं,” पाठीमागून कोणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले.

बायकांच्या बाजूनं मंगळूची बायको साळूबाई उठली. “अहो, घ्या ना. पाया पडते. पुन्हा मागं बसवतील.”

मंगळूनं मान वर केली नाही. “वास येतोय,” तो हळूच म्हणाला. “महामुश्किलीनं सुटली, वडील. पुन्हा धरायची नाय मला.”

चिमाजींची कानशिलं तापली. ह्या चर्चमध्ये दारूचा थेंब चालत नाही म्हणून तर वाइनऐवजी दरवर्षी द्राक्षांचा ताजा रस. द्राक्षं त्यांच्या मेहुण्याच्या मळ्यातली, पिंपळगावची. रस काढायचा मान त्यांच्या घराचा.

“माझ्या हातचा रस आहे हा!” ते ओरडले, आणि मंगळूची पेली उचलून सगळ्यांदेखत घोटभर प्यायले.

जीभ चुरचुरली. घशातून ऊब उतरत गेली.

रस बुधवारी काढलेला. लोडशेडिंगमुळं रोज अर्धा दिवस वीज नाही, फ्रिज कोमट. सकाळी झाकण उघडताना बाटली फुसफुसली होती. ते घाईत होते.

त्यांनी मंडळीकडे पाहिलं. पुढच्या बाकांवरच्या सगळ्या पेल्या रिकाम्या होत्या. पाळकसाहेब बायबलात कुठलंसं पान शोधत होते. खजिनदार स्वतःच्या बुटांकडे बघत होते. रस आंबलाय हे सगळ्यांना कळलं होतं. कळूनही प्यायले होते. साळवे वडिलांना कोण सांगणार?

साळूबाई अजून हात जोडून उभीच होती.

चिमाजींनी ट्रे मेजावर ठेवला. मग ते मधल्या वाटेनं चालत गेले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. कोणी हसलं नाही.

थोड्या वेळानं शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं.

“सरका जरा, वडील,” मंगळू म्हणाला. “तिथून खांब आड येतो. ह्या टोकाला बसलं की समोरचं सगळं दिसतं.”