बिटाच्या रानातल्या टिटव्या

टिटवी ओरडत उठली, तरी ट्रॅक्टर थांबला नाही.

जॅनिस स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. दूध पिऊन पेंगलेली रूथ तिच्या खांद्यावर होती आणि ढेकर काही केल्या निघत नव्हता. कुंपणापलीकडच्या काळ्याभोर रानात सासऱ्यांचा ट्रॅक्टर ढेकळे दाबणारा रोलर ओढत चालला होता आणि ती शेंडीवाली टिटवी त्याच्यावर जिवाच्या आकांताने झेपा घेत होती. आता थांबतील, जॅनिस मनात म्हणाली. आता उतरतील. रोलर त्या जागेवरून पुढे निघून गेला.

इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या ह्या सपाट रानात तिचे सासरे सिरिल लीक पोरसवदा वयापासून राबत आले होते. आधी रानमालक थोरल्या पिंचबेककडे, आता त्याच्या मुलाकडे. सांगण्यासारखे त्यांच्या आयुष्यात फारसे काही नव्हते. पण दर एप्रिलला टिटवी उठली की ते ट्रॅक्टर थांबवायचे, जमिनीवरची अंडी टोपीत घ्यायचे, रोलर पुढे न्यायचे आणि मागे येऊन, टाचेने खळगा करून, टोके आत वळवून चारही अंडी होती तशी मांडून ठेवायचे. लग्न होऊन आली त्या वसंतात जॅनिसने हे पहिल्यांदा पाहिले, आणि ह्या घरात मूल वाढवायला हरकत नाही असे तिला तेव्हाच वाटून गेले होते.

संध्याकाळी जेवताना जॅनिसच्या नवऱ्याने, ग्रॅहमने, बापाची फिरकी घेतली. "डॅड, तुमची रोलरची पट्टी वाकडी गेलीय आज. साप गेल्यासारखी. दुपारी पबमध्ये बसला होतात काय?"

"गप रे! तुझ्या आईशी लग्न ठरलं त्या दिवशीसुद्धा माझी रेघ सरळ होती. वाकडा निघालास तो तू, नंतर."

ग्रॅहम खदखदून हसला. जॅनिस हसली नाही. सासऱ्यांची बोटे टेबलाच्या कडेने चाचपत चाचपत सॉसच्या भांड्यापर्यंत गेली, ते ती पाहत होती. आता आठवले, की दोनतीन महिने ती हे पाहतच होती. फक्त मनावर घेत नव्हती. रूथच्या अंगावर साधा पुरळ उठला तरी रात्रभर जागणारी ती!

ग्रॅहमला सांगायचे तिच्या अगदी ओठांवर आले. पण सांगितले की ते पिंचबेकच्या कानावर जाणार. पिंचबेक वाईट नव्हता, पण डोळे गेलेल्या माणसाच्या हाती ट्रॅक्टर कोण देईल? आणि सासूबाई गेल्यापासून त्या ट्रॅक्टरखेरीज डॅडना सकाळी उठवणारे दुसरे होते तरी काय?

दुसऱ्या दिवशी तिने दुर्बीण घेतली, बाबागाडी कुंपणाच्या आडोशाला लावली आणि टिटव्या कुठे कुठे उतरतात ते नीट पाहून ठेवले. परसातल्या घेवड्याच्या काठ्या उपटल्या, रूथच्या जुन्या लंगोटांच्या पांढऱ्या चिंध्या फाडून त्यांना बांधल्या आणि एकेका खळग्याला लागून एकेक काठी रोवली. चुकायला जागाच ठेवली नाही.

सिरिलनी राहिलेले रान रोलरखाली घातले. प्रत्येक चिंधीपाशी ट्रॅक्टर थांबला. घरी आले ते शीळ घालत. चहाचा कप तिने त्यांच्या हाताला लागेल असा ठेवला. पुढच्या आठवड्यात बिटाची पेरणी होती, म्हणून काठ्या रानातच राहू दिल्या.

दोन दिवसांनी सकाळी पडदा सारला तर एका काठीवर कावळा बसलेला. तो उडाला आणि पुढच्या काठीवर जाऊन बसला.

रूथला तशीच काखोटीला मारून जॅनिस रानात धावली. सिरिल तिच्यामागून आले तेव्हा ती ढेकळांत उकिडवी बसली होती. समोर नुसती टरफले.

"सगळी गेली, डॅड. जिथे जिथे काठी, तिथे तिथे."

"काठी किती लांब रोवली होतीस?"

"लांब कुठली? लागूनच. म्हणजे तुम्हाला..."

"म्हणजे मला दिसावी." ते शांतपणे म्हणाले. "अगं, टिटवीला जवळ उंच काही चालत नाही. झाड नको, खांब नको. कावळ्याला बसायला जागा झाली की संपलं. काठी लांब रोवायची, ट्रॅक्टरच्या वाटेत, आणि काम झालं की काढायची."

"मला काय माहीत हो..."

"रडू नकोस. लांब रोवली असतीस तर मला अंडी सापडलीच नसती. तू माझ्या बेतानं रोवलीस, पोरी. चूक ह्या डोळ्यांची आहे."

"कधीपासून?"

"सुगीपासून. ऐन मधोमध डाग आलाय. कडेकडेचं दिसतं. तुझं तोंड दिसत नाही, कान दिसतात." मग जरा हसून, "कान चांगले आहेत तुझे."

"आणि रूथ?"

"तिला तुकड्या-तुकड्यानं बघतो. मग घेतो जोडून."

पेरणीच्या सकाळी त्यांनी ट्रॅक्टरची किल्ली ग्रॅहमच्या ताटलीशेजारी ठेवली.

"आज तू चालव."

"का? पाठ धरली वाटतं म्हाताऱ्याची?"

"पाठ नाही. डोळे."

ग्रॅहमच्या हातातला टोस्ट हातातच राहिला. "पिंचबेकला...?"

"सांगून आलो काल. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. खा, गार होतंय."

चराच्या बाजूला, वाकड्या पट्टीमुळे रोलर न फिरलेल्या जागी, जॅनिसच्या नजरेतून सुटलेले एक घरटे तिला आता दिसले होते. त्याला काठी नव्हती, म्हणूनच ते कावळ्यापासूनही वाचले होते. तिने सासऱ्यांचा दंड धरून त्यांना रानातून तिकडे नेले. टिटवी उठली आणि दोघांच्या डोक्यावरून सूं करत गेली.

"डॅड, इथून दहा पावलांवर. तुमच्या उजव्या अंगाला."

"बस. मी इथे उभा राहतो. ग्रॅहमला म्हणावं, मला वळसा घालून जा. तू पळ, पोर उठली असेल."

रूथ खरेच उठली होती. तिला घेऊन जॅनिस कुंपणाशी येऊन उभी राहिली. वारा मोकाट सुटला होता. एवढ्या मोठ्या रानात सिरिल एकटे ताठ उभे होते आणि टिटवी पुन्हा पुन्हा त्यांच्यावर झेप घेत होती, तरी ते मान लववत नव्हते. पेरणीचा ट्रॅक्टर लांबून आला, हळू झाला, त्यांना बराच मोठा वळसा घालून गेला. अगदी समोरून जाताना ग्रॅहमने हात वर केला.

सिरिल तसेच उभे. ट्रॅक्टर पुढे निघून गेल्यावर, बऱ्याच वेळाने, आवाजाच्या दिशेला तोंड करून त्यांनी आपला हात वर केला.