वय उतरलेला चेहरा

"खरं सांगा ताई, चेहऱ्याला लावता तरी काय? वय उतरत चाललंय तुमचं!"

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने आरशातून विचारलं. पार्लरवाल्या ताई कात्री चालवत राहिल्या. पन्नाशीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या वर्षभरात कुठे गेल्या कोण जाणे. आधी त्याही हरखल्या होत्या. आपलंच तोंड दुकानाची जाहिरात झाल्यावर आणखी काय हवं? आता मात्र त्या गुळगुळीत कातडीची धास्तीच घेतली होती त्यांनी. गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरीफटक पडत, मग निळी. जिना चढताना धाप लागे.

दुखणं कातडीचं, म्हणून खेटे कातडीच्याच डॉक्टरांकडे. मलमांनी कपाट भरलं, गुण काही येईना. शेवटच्या डॉक्टरांनी त्यांच्या हातावरची कातडी चिमटीत धरायला पाहिली. चिमूट बसेचना.

"हे माझ्या एकट्याचं काम नाही," ते म्हणाले. "संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा, असे आजार तेच बघतात. मी आत्ताच फोन करतो."

"सांधे धडधाकट आहेत माझे!" बाहेर पडताच ताई नवऱ्यावर उखडल्या. "टोलवतोय हा आपल्याला."

"टोलवू दे गं. जाऊन तर बघू."

संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून नखांची मुळं न्याहाळली, रक्त तपासून घेतलं आणि आजाराचं नाव सांगितलं. स्क्लेरोडर्मा.

"यात कातडी आवळत जाते, चेहऱ्याचीही. पण मला काळजी आतली आहे. फुप्फुसंही आवळली जातात कधीकधी."

"बरं होतं ना पण?" ताईंनी विचारलं.

"मुळातून नाही. लगाम घालता येतो. किती, ते फुप्फुसं बघून सांगते."

फुप्फुसाच्या तपासणीला नवऱ्याला आत घेतलं नाही. ताईंनी नळी तोंडात धरली. "फुंका! अजून, अजून!" तंत्रज्ञ ओरडत होता. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी त्यांनी फुंकणं थांबवलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिथेच आकडे वाचले. "फुप्फुसं थोडी कमी भरलीत. पण वेळेत सापडलंय. औषध आजपासून सुरू करू. दर काही महिन्यांनी मला भेटायचं, चुकवायचं नाही. काम करा, फक्त हात गरम ठेवा."

ताईंच्या जिवात जीव आला. त्या लगबगीने बाहेर आल्या. नवरा बाकावरून ताडकन उठला आणि त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. त्याचा चेहरा पार उतरला.

"काय म्हणाल्या गं? वाईट आहे?"

"अहो, असं काय बघताय?" ताई म्हणाल्या. "हसतेय मी."