धावदोरा

माझं डोकं लहानपणापासून तापट. म्हणून नऊ वर्षांपूर्वी मी एक वही केली. स्टोइक नावाचे जुने तत्त्वज्ञ होऊन गेले. आपल्या हातात काय आहे नि काय नाही ते ओळखावं आणि शांतपणे आपलं काम करावं, असं त्यांचं म्हणणं. रोज शिलाईचं दुकान उघडलं की इस्त्री तापेपर्यंत मी त्यावर एक पान लिहायचो. अशा अकरा वह्या भरल्या. तापट तो तापटच राहिलो, अक्षर तेवढं सुधारलं.

हा सगळा खटाटोप ताईसाठी. बाबा गेले त्या दिवशी चार माणसांत मी तिला म्हणालो होतो, "तुझ्यामुळे गेले." ऑपरेशनच्या कागदावर सही तिची होती, एवढंच. सही करायला मीच घाबरलो होतो, हे कुणाला माहीत नव्हतं. माफी मागायची होती. पण आधी मन पक्कं होऊ दे, ती काहीही बोलली तरी ढळायला नको, असं म्हणत राहिलो.

गेल्या महिन्यात भाची ताईचा कोट शिवायला टाकून गेली. "मामा, आई आता कायमची माझ्याकडे येतेय, लांब. शुक्रवारी चारला गाडी येईल."

शुक्रवारी तीन वाजले तरी कोटाच्या घेराला धावदोराच होता. पक्क्या शिलाईआधी कापड जागेवर राहावं म्हणून घालतात तो लांब, पांढरा, कच्चा टाका. दोनदा उसवून मी तोच पुन्हा घातला होता. कोट पुरा झाला असता तर न्यावा लागला असता ना! आणि मी वहीत काय लिहीत होतो? 'धैर्य.' स्वतःचीच लाज वाटली.

"गेली वही खड्ड्यात!" म्हणत मी कोट उचलला.

बाहेर भर दुपारी दाट धुकं उतरलं होतं. दिव्याचे खांब अधांतरी तरंगत होते. पाय माझे नव्हतेच. काखेतला कोटच मला चालवत होता. गल्ल्या कधी सरल्या कळलंच नाही.

ताई बांधलेल्या पेटीवर बसली होती. केस पार पांढरे झाले होते. पाठ केलेली सगळी वाक्यं विरून गेली.

"चुकलं माझं, ताई. सही करायला मी घाबरलो, आणि बोललो तुला."

तिने कोट हातात घेऊन घेर चाचपला. "अरे, हा तर कच्चाच आहे."

"दे. आत्ता करतो."

खिशात सुई होतीच. तिच्या पायाशी बसून तुरपायला लागलो.

"मी विसरले नाहीये हं," ती म्हणाली. "विसरणारही नाही."

याच वाक्याची नऊ वर्षं तयारी केली होती. डोळ्यांना घळाघळा धारा लागल्या. हात मात्र चालत राहिला.

"नऊ वर्षं करत काय होतास रे?"

"तयारी."

बाहेर हॉर्न वाजला. ताईने वाकून शेवटचा दोरा दातांनी तोडला.

"वेड्या," ती म्हणाली, "मी दोन गल्ल्या पलीकडेच तर होते."