गांधीलमाशीच्या मांड्या

२००४ साली माझ्या स्टुडिओत कॉम्प्युटर आला आणि तिथून कोणी डागाळलेलं बाहेर जाईना. नवरीच्या गालावरचा तीळ मी न विचारताच काढायचो. कोणाची तक्रार नव्हती.

भिकाजी मास्तरांचा रोल धुऊन स्कॅन केला तेव्हाही सवयीने हात चालला. मास्तर हायस्कुलातून निवृत्त झालेले, आणि छत्तीसच्या छत्तीस फोटो एकाच माशीचे! तांदळाच्या दाण्याएवढी काळी गांधीलमाशी. त्यांच्या कलमांवर पानं खाणाऱ्या अळ्या पडल्या होत्या आणि ही त्या अळ्यांच्या कोषांतून बाहेर येत होती. मास्तर म्हणत, ही अळ्यांना मारते, आपली मैत्रीण. धाकटा भाऊ गंगाराम म्हणे, ही अळ्यांचीच औलाद. बाग सामायिक. पुण्याच्या एक बाई फोटोवरून अशा माश्या ओळखत. सोमवारपर्यंत त्यांनी मैत्रीण म्हटलं तर ठीक, नाहीतर गंगाराम औषध मारणार, असं ठरलं. औषधाने अळ्यांबरोबर माश्याही मेल्या असत्या. मास्तरांचा जीव त्यांच्यातच अडकला होता.

फोटो मीच ईमेलने पाठवले. सोमवारी दोघे भाऊ माझ्याकडे आले. उत्तर आलं होतं. ‘मैत्रिणीच्या मागच्या मांड्या जाड असतात, त्यांवर पिवळे ठिपके असतात. हिच्या मांड्या बारीक, ठिपका एकही नाही. ही कोण, सांगता येत नाही.’

“झाला ना?” गंगाराम म्हणाला. “बाईंनाच कळत नाय, तर मी कशाला थांबू? पंप भरलेला हाय.”

मास्तर खुर्चीत बसले ते उठेनात. मग मी खरं सांगून टाकलं.

“मास्तर, ठिपके होते. मी डाग समजून पुसले.”

“आणि मांड्या?”

“जरा बारीक केल्या. फारच जाड दिसत होत्या हो.”

“मेल्या, तिचा काय लगीन जमवायचा होता मना?”

सत्तरीच्या माणसाचा एवढा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? मूळ फोटो कॉम्प्युटरवर होते, ते तसेच पाठवले. गंगाराम दारात उभा राहून घड्याळ बघत होता. अर्ध्या तासात उत्तर आलं. ‘आता ओळखली! अळ्यांचा काळ आहे ही. कृपया औषध मारू नका.’

गंगारामने ते दोनदा वाचलं. मग पडद्यावरच्या माशीकडे बघत पुटपुटला, “दादा, तुझा बरोबर होता.”

मास्तरांचे डोळे भरून आले. “गुलाम रसूल,” ते मला म्हणाले, “जन्मात पहिल्यांदा कबूल केलान ह्याने. काढ ह्याचा फोटो आत्ताच. आणि खबरदार, तोंडावरची एक सुरकुती पुसलीस तर!”