भूमिकाचा पट्टा

"पन खाल काय शे?" लोटननं पुन्हा विचारलं.

"चिखल, आबा. समुद्राच्या तळाला खोलवर नुसता चिखल."

"आनि त्यावर पवनचक्की?"

साक्रीकडच्या डोंगरांवर पवनचक्क्यांचे बोल्ट आवळण्यात लोटनची हयात गेली. तिथं पाया म्हणजे काळा खडक फोडून ओतलेलं काँक्रीट. त्यामुळे धुळ्याच्या घरात जेवता जेवता चिखलात खांब रोवणारी ही इंजिनीयर लेक त्याच्या पचनी पडेना.

भूमिका उठली आणि आईच्या कणकेत तिनं लाटणं उभं खुपसलं. ते कललं. मग पार तळापर्यंत दाबलं, तेव्हा उभं राहिलं. "असा लोखंडी खांब ठोकतात. चारी बाजूंचा चिखलच त्याला धरून ठेवतो. खरी भानगड पुढंच आहे. वारा वरून ढकलतो, लाटा खालून. खांबाचं डुलणं आणि लाटांचा ताल एक झाला, की लोखंड थकतं, तडे जातात. तेच मोजायला चाललोय आम्ही."

"मन्ही कणिक सोड," सुनंदाबाई करवादली. राग कणकेचा नव्हताच. गुजरातच्या किनाऱ्यापुढं चाचणीसाठी उभ्या केलेल्या खांबावर भूमिकाला चढायचं होतं आणि उद्या सकाळी ती निघणार होती. सुनंदाबाईनं नवऱ्याला बजावलं होतं, की नाही म्हणायचं ते तुम्हीच म्हणा, पोरगी तुमचंच ऐकते.

"शिडीवर चढशी कशी?" लोटननं विचारलं.

"होडीतून. लाटेनं होडी वर उचलली, की तेवढ्यात पाय टाकायचा."

लोटनचा घास हातातच राहिला. जन्मभर तो उंचीवर वावरला, पण त्याच्या शिडीखालची जमीन कधी हलली नव्हती. जाऊ नको, हे शब्द अगदी ओठांवर आले.

भूमिकानं ते ओळखलं. "तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार," ती खाली मान घालून म्हणाली. मग पुण्यात शिकलेली भाषा सुटली आणि लहानपणची आली. "आबा, माले बी भ्याव वाटस."

सुनंदाबाईचे हात थांबले. आता एक शब्द पुरे होता. तो बोलावा असं लोटनलाही फार वाटत होतं.

"तुन्हा पट्टा आन," तो म्हणाला.

उंचीवर चढताना बांधायचा पट्टा भूमिकानं अंगावर चढवला. लोटननं हात धुतले आणि तो खांद्याशी ओढला, कमरेशी ओढला. मांडीजवळचं बक्कल सैल लागलं, ते आवळलं. डोंगरावर जोडीदारानं पट्टा ओढून पाहिल्याशिवाय कोणी शिडीला हात लावत नसे.

"तठे तुन्हा पट्टा कोन ओढस?"

"पलक. जळगावची आहे, माझ्याच सोबत."

"लाव फोन."

पलकशी मात्र लोटन जपून, शुद्ध बोलला. "बेटा, मी भूमिकाचा आबा. रोज चढायच्या आधी हिचा पट्टा तू ओढायचा, तुझा ही ओढेल. कितीही घाई असली तरी. संकोच करायचा नाही."

"हो काका," पलक म्हणाली. "नक्की."

सुनंदाबाईनं सगळं ऐकलं. पदरानं डोळे पुसले आणि प्रवासासाठी जास्तीच्या पोळ्या लाटायला घेतल्या.

फोन बंद झाला. पट्टा लोटनच्या मुठीत तसाच होता.

"आबा, आते सोडा."

"हा, सोडस," लोटन म्हणाला. पण मूठ काही त्याच्यानं उघडेना.