चाल, घरी चाल

अकोल्याच्या जुन्या शहरात विहिरीत काही पडलं की लोकांच्या तोंडी दोनच नावं यायची, आधी देवाचं अन् मग अब्दुल सत्तारचं. बादली असो, हंडा असो, नाहीतर माणूस असो. सत्तारमियाँ यायचा, चार आकड्यांचा लोखंडी गळ दोराला बांधायचा, पाण्यात सोडायचा अन् डोळे मिटून तळ चाचपत बसायचा. दगड लागला, गाळ लागला, कापड लागलं की माणूस लागला, सगळं त्याला बोटांच्या पेरांत कळायचं. लोकांना वाटे, जादू आहे. जादू कसली डोंबलाची? चाळीस वर्षं एकच काम केलं तर बैलालाही रस्ता पाठ होतो.

एक रीत मात्र होती, बापाकडून आलेली, अन् ती त्यानं कधी मोडली नाही. दोर पाण्यात असेतोवर गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही. बाप म्हणायचा, पाण्यावर नाव घेतलं की ते नाव पाण्याचं होते, घरच्यांच्या हाती काई उरत नाही. म्हणून नाव न घेता, हळूच, तीनदा म्हणायचं, "चाल, घरी चाल." विहिरीतला माणूस गाळात कितीही रुतलेला असो, तेवढ्यावर मोकळा व्हायचा.

हेच शब्द सत्तारच्या तोंडात इतके बसले होते की दिवेलागणीला गल्लीच्या तोंडाशी उभा राहून पोराला बोलवायचा तेही तसंच. "चाल, घरी चाल." आता गल्लीत दहा-बारा पोट्टे खेळत असायचे. ती हाक ऐकली की सगळे उठायचे, शेजारचे, पाजारचे, ज्यांचा बाप गावातच नाही तेसुद्धा. उठायचा नाही तो एकटा मोईज, ज्याच्यासाठी हाक होती तोच. "मले कुठं बोलावलं? माहं नाव घ्या ना," म्हणून धुळीत बसून राहायचा. शेवटी त्याची आई रजियाबी चौकटीत येऊन "मोईज" म्हणायची, तेव्हा कुठं साहेब ढुंगण झटकून उठायचे. हट्टी जात. आईवर गेलेला, दुसरं काय.

तोच मोईज सव्वीस वर्षांचा होऊन समुद्रात गेला. गेला तो गेलाच.

नितेश नावाचा त्याचा एक दोस्त, बडनेऱ्याला रेल्वेत कामाला. दोघांना गळाच्या मासेमारीचं वेड. धरणावर बसून बसून कंटाळले अन् मोबाइलवर समुद्रातला गोबरा पाहिला, खोल तळाशी खडकाच्या कपारीत राहणारा, जबडा सुपाएवढा. झालं, दोघं मालवणला निघाले. किनाऱ्यापासून दोन तासांवर पाण्याखाली खडप आहे, म्हणजे बुडालेला खडकच, त्याच्यावर होडी उलटली. होडीवाला वाचला, नितेश वाचला. मोईजचं काही हाती लागलं नाही. ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट.

रजियाबी रडली नाही. मौलाना आले, नातेवाईक आले, समोर मय्यत नसली तरी नमाज पढता येते म्हणून समजावून गेले. ती एकच बोलायची, "मिट्टी देल्याबिगर मी त्याले गेला म्हणणार नाई." अन् पाहुणे गेले की नवऱ्याकडे वळायची. "दुनियेचे लेकरं तुमी भायेर काढले. आपलं तेवढं राह्यलं. काईतरी आणा. पट्ट्याचं बक्कल आणा, बोटाचं हाड आणा. मिट्टीत ठेवाले काईतरी पाह्यजे."

हे ऐकून सत्तारचं काळीज तुटायचं. दोन वर्षं तुटत राहिलं. मग एक दिवस त्यानं माळ्यावरचा गळ काढला, साठ हात दोराला आणखी साठ हात जोडला अन् नितेशला फोन लावला.

"चाचा, दोन वर्षं झाले," नितेश म्हणाला.

"मले सांगून राह्यला का तू?" सत्तार म्हणाला. नितेशनं रजा टाकली.

हाडं शोधायला कोण होडी देतो? म्हणून नितेशनं गोबऱ्याची मासेमारी असंच सांगून होडी ठरवली. होडी चालवणारा तांडेल चंदन, पन्नाशीचा काटक माणूस. पाहुण्यांशी शाळेतल्या मराठीत बोलायचा अन् घाबरला की मालवणीत घसरायचा. पहाटे निघाले, ऊन वर आलं तेव्हा त्याच खडपावर होते. सत्तारनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. काठ नसलेलं पाणी पाहून तो गळाची पिशवी मांडीवर घेऊन बसला.

चंदननं शिसं सोडून खोली पाहिली. वीस वाव. वाव म्हणजे दोन्ही हात फैलावून मोजलेली दोरी, चार हातांची. ऐंशी हात पाणी, सत्तारनं मनातच धरलं, दोर पुरतो. आमिषाला माकूल मासळीचे तुकडे लावले अन् गळ खाली गेले. नितेशला पहिल्याच फटक्यात तांबोशी लागली, लालभडक. मग चंदनच्या दोरीला झटका बसला. "ह्यो गोबरो. ओढूचो लवकर, कपारीत शिरलो तर गेलो," म्हणत त्यानं हातांवर हात टाकत दोरी खेचली. तपकिरी ठिपक्यांचा धिप्पाड मासा फळ्यांवर आपटला. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. नितेशच्या चेहऱ्यावर दोन वर्षांनी थोडा रंग आला.

सत्तारनं पिशवीतून आपला चार आकड्यांचा गळ काढला.

"ह्या कशाक?" चंदन म्हणाला. "दगडात अडकतलो, काका."

सत्तारनं ऐकलं न ऐकलंसं केलं. दोर सोडला, तळ लागला, डोळे मिटले. दगड. दगड. शिंपल्यांची खरखर. वाळूचा पट्टा. पुन्हा दगड, अन् दगडाखाली पोकळी. बोटं ओळखीच्या कामाला लागली तसा त्याचा जीव थाऱ्यावर आला. समुद्र झाला म्हणून काय, शेवटी तळ तो तळच. त्यानं दोरावर तोंड आणलं अन् चाळीस वर्षं म्हणत आला तसं म्हटलं.

"चाल, घरी चाल. चाल, घरी चाल. चाल, घरी चाल."

दोर जड झाला. माणूस लागला की जसा होतो तसाच, दगडाचं वजन वेगळं अन् माणसाचं वेगळं. सत्तारच्या डोळ्यांत पाणी आलं. तो ओढणार, एवढ्यात दोर आणखी जड झाला. मग आणखी. एकानं धरलेल्या दोराला दुसऱ्यानं हात घालावा, अन् तिसऱ्यानं, तसा.

"चाचा," नितेश म्हणाला, "माह्या गळाले पण लागलं काईतरी. मासा नोहे."

चंदनच्या दोन दोऱ्या कडेला नुसत्या बांधून ठेवल्या होत्या. त्याही ताणल्या गेल्या, सरळ खाली. झटका नाही, थरथर नाही. टोपलीतला गोबरा धडपडत होता तो गप्प पडला. चंदननं चाकू काढून आपल्या दोऱ्या कापल्या, नितेशचीही कापली. सत्तारच्या दोराला हात घालू लागला तेव्हा सत्तारनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचा हात तिथंच थांबला.

सत्तारनं एकट्यानं ओढला. तळहात सोलले. गाठीमागून गाठ वर आली, वजन थेट कडेपर्यंत आलं, अन् मग एकदम हलकं झालं. गळ रिकामा होता. आकड्यांना शेवाळाचं बोटही नव्हतं. पण होडी एका अंगाला झुकली, सावरली, परत झुकली. फळ्यांवर पाण्याचे डाग उमटत गेले, एकाशेजारी एक, बसायला जागा होती तिथपर्यंत. नितेश टोकाला सरकत सरकत पार इंजिनाशी जाऊन भिडला.

चंदन कडेवरून वाकून पाहत होता. होडीला पाण्याच्या वर वीतभर पांढरा पट्टा रंगवलेला होता. तो बुडाला होता.

"काका," तो सावकाश म्हणाला, "तुमी काय म्हटल्यात दोरीक?"

सत्तारनं सगळं सांगितलं, विहिरींचं अन् पोराचंही.

"नाव घेतलात?"

"नाई. दोर पाण्यात असला की घेत नसते."

चंदननं कपाळाला हात लावला. "विहिरीत एक असता, काका. तो समजता आपल्याक बोलावल्यानी. हय किती गेले ता कोणी मोजूक नाय. अन् तुमी म्हटल्यात घरी चाल. घर कोणाक नको?" त्यानं हात जोडले. "आता तरी नाव घेवा. एकाचा नाव घेवा, बाकीचे उतरतले."

सत्तारनं तोंड उघडलं. खरं सांगायचं तर बापाची रीत हे निमित्त होतं. दोन वर्षांत त्यानं पोराचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं, ना पाण्यावर, ना जमिनीवर. नाव घेतलं अन् उत्तर आलं नाही तर? त्या भीतीनं त्यानं तोंड मिटलं. अन् भीतीच्या खाली, सांगायला लाज वाटावी असा आनंद होता. एवढे आले आहेत, यांच्यात आपला असणारच. असलाच पाहिजे.

"होडी काठाले घे," तो म्हणाला.

चंदननं घेतली. दोन तासांच्या वाटेला चार तास लागले. किनाऱ्याला लागल्यावर त्यानं मासे टोपलीसकट पाण्यात ओतून दिले अन् मागं वळून न पाहता निघून गेला.

परतीच्या गाडीत मुंगीला शिरायला वाव नव्हता, तरी सत्तार अन् नितेशच्या भोवतीची बाकं रिकामी राहिली. लोक यायचे, बाकावर हात टेकवायचे, ओला लागला की पँटीला पुसत पुढं जायचे. नितेशनं वाटभर डोळे मिटून घेतले होते. सत्तार मात्र जागा होता. रिकाम्या बाकांकडे एकेक करून पाहायचा, यातला कोणता असेल माहा, अन् लहानपणी मोईजला खिडकी लागायची म्हणून खिडकीच्या जागेपाशी त्याची नजर जास्त थांबायची. त्यानं शेंगदाणे घेतले अन् थोडे त्या जागेवर ठेवले. ते तसेच राहिले.

सकाळी दहाला तो अकोल्याला उतरला. नितेश पुढं बडनेऱ्याला. पंधरा मिनिटांत त्याचा फोन आला. "चाचा, तुमी उतरले अन् सगळे बाकं कोरडे झाले." सत्तार म्हणाला, "झाले असतील." ऑटोवाला मोर्णा नदीच्या पुलावर चढताना दोनदा मागं वळला. "चाचा, सवारी तुमी एकच ना? गाडी काहून बसून राह्यली?" सत्तारनं पुढं बोट दाखवलं. त्याला घाई झाली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा तो रिकाम्या हातानं घरी येत नव्हता.

रजियाबी दारातच होती. कपडे धुवायला बाह्या वर केलेल्या, डोकं उघडं. नवऱ्याला पाहून ती पुढं आली.

"आणलं," सत्तार म्हणाला. "रजिया, आणलं."

ती त्याच्या खांद्यावरून मागं पाहू लागली. गल्लीत भर उन्हात फरशी ओली होत होती, ऑटो थांबला तिथून उंबऱ्यापर्यंत. तिची नजर एकावरून दुसऱ्यावर जावी तशी सरकत गेली, अगदी गल्लीच्या तोंडापर्यंत. सत्तार तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, आता उजळेल, आता उजळेल म्हणून.

रजियाबीनं बाह्या खाली केल्या. पदर डोक्यावरून ओढला, कपाळ झाकेपर्यंत, परक्या पुरुषांसमोर ओढतात तसा.

पोटच्या पोरासमोर कोणती माय पदर ओढते?

"कोणाकोणाले घेऊन आले तुमी?" ती हळू आवाजात म्हणाली. "याइच्यात आपला नाई."

"असंल. नीट पाय."

"नाई." तिनं गल्लीवरून नजर काढली. "हाक कशी मारली होती?"

"रोज मारत होतो तशी."

तेव्हा तिला रडू आलं. दोन वर्षांचं आलं, पदराआडून, आवाज न करता.

"तो त्या हाकेले कधी उठला होता का?" ती म्हणाली.

सत्तार भिंतीला टेकला. त्याच्या डोळ्यांसमोर गल्ली आली, दहा-बारा पोट्टे धूळ झटकत त्याच्यामागं निघालेले अन् एक तसाच बसलेला, वाट पाहत. त्यानं खाली मान घातली अन् चपलेतून पाय काढू लागला.

रजियाबीनं डोळे पुसले अन् दारातून बाजूला झाली. ओल्या फरशीकडे न पाहता म्हणाली, "या, आत या. बसा. लंबून आले तुमी लोकं." मग नवऱ्याकडे वळली.

"तुमी चपला काढू नका," ती म्हणाली. "तो वाट पाहून राह्यला असंल."